सरासरी नको, तासातासाचे आकडे द्या!

आमची सोसायटी बडोद्याच्या उत्तर टोकाला. थंडीत रात्री दोननंतर घसा खवखवतो, सासूबाई अंथरुणात उठून बसतात. म्हणून चार घरांनी वर्गणी काढून पीएम 2.5, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, मोजणारं छोटं यंत्र गच्चीवर बसवलं. तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेले. टेबलावरचे भाई कागद न उघडताच म्हणाले, "बेन, आ आंकडा न चाले."

असली यंत्रं दमट हवेत आकडा फुगवून दाखवतात, हे मला मान्य आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्याने 2024 मध्ये कायदाच केला, की मान्यता नसलेल्या यंत्रांचे आकडे नियमभंगाचा पुरावा ठरणार नाहीत. कॅलिफोर्नियाने मात्र 2017 च्या कायद्याने निवडक वस्त्यांत हवा मोजणं सरकारी यंत्रणेवरच बंधनकारक केलं. मला दुसरा रस्ता पटतो. लोकांचा आकडा चालत नसेल, तर सरकारने आपला दाखवावा.

तोच मागितला. माहिती अधिकाराचा अर्ज, 20 रुपये फी. तिसाव्या दिवशी उत्तर आलं: एकच पान, महिन्याची सरासरी, खाली "मर्यादेत". माझा संताप झाला. आपल्याकडे पीएम 2.5 ची मर्यादा 24 तासांच्या सरासरीला दर घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅम आहे. समजा रात्रीचे चार तास 200 आणि उरलेले वीस तास 30 असेल, तर सरासरी येते 58. दिवस मर्यादेत बसला, रात्र नाहीशी झाली! तीन चकरा मारल्या. दर वेळी "साहेब नाहीत, मंगळवारी या". चौथ्यांदा गेलेच नाही, त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील टाकलं. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत ते करता येतं, गुजरातीत हाताने लिहिलं तरी चालतं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्याकडे शिक्क्याची प्रत होती म्हणूनच "अपील आलंच नाही" हे त्यांना म्हणता आलं नाही.

हो, अर्जातच "तासवार नोंदी, एक्सेलमध्ये" असं लिहायला हवं होतं. मी नुसतं "आकडे" लिहिलं होतं. यंत्रही सावलीत, स्वयंपाकघराच्या धुरापासून लांब लावा.

अपिलानंतर तासवार नोंदींची सीडी आली. रात्री मुलाने त्यांच्या आणि आमच्या नोंदी एकाच आलेखावर टाकल्या. आमची रेघ वरून जाते, पण दोन्ही रेघा पहाटे तीनला एकदमच चढतात. सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघ, मी सांगत होते ना!"