‘यांना विचारून सांगते’

सरपंच व्हायचं असं मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. माण तालुक्यातलं आमचं लहान गाव, सात सदस्यांची ग्रामपंचायत. १५ जानेवारी २०२१ ला मतदान झालं, १८ ला निकाल लागला आणि मी सदस्य झाले. त्या वर्षी सरपंचपदाची सोडत निकालानंतर निघाली. आमच्या गावाला महिला आरक्षण पडलं. निवडून आलेल्या आम्ही चौघी. तिघींच्या घरून नकार आला, राहिले मी.

पहिल्या मासिक सभेला हे माझ्यासोबत आले. खरं तर ते सदस्य नव्हते, पण कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, बोलत होते माझ्याशी आणि बघत होते यांच्याकडे. शेवटी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांची वही, माझ्यापुढे सरकवली. ‘वहिनी, हितं सही करा.’ सहीच्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं होतं. वर काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही. वाचायला लागले तर सगळे थांबतील, आपल्याला कळत नाही हे सगळ्यांना कळेल, याचीच धास्ती. मी सही केली. तशा किती सह्या केल्या, मोजल्या नाहीत. कुणी काही विचारलं की माझं ठरलेलं उत्तर असायचं, ‘यांना विचारून सांगते.’

कोरोनामुळे ग्रामसभा पुढे पुढे जात राहिल्या आणि माझं झाकलेलं झाकलेलंच राहिलं. १ मे २०२२ ला मात्र देवळासमोर सभा भरली. कोरमला शंभर माणसं लागतात, तेवढी जमली. मागून एकानं विचारलं, ‘टीसीएल पावडरीवर वर्षाला किती खर्च होतो?’ टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायला टाकीत टाकतात ती क्लोरीनची पावडर. मी उठून उभी राहिले. तोंडातून शब्द फुटेना. उत्तर उपसरपंचांनी दिलं. सभेतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि ती मला जास्त लागली.

त्या रात्री मी बचत गटाची वही काढली. आठ वर्षं आमच्या गटाचा हिशोब मी लिहितेय. बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, शिल्लक. एका रुपयाची चूक राहिली तरी रात्री झोप येत नाही मला. मग ग्रामपंचायतीची वही बघून हातपाय का गळावेत? दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी भाऊसाहेबांकडे नमुना ५ मागितला. नमुना ५ म्हणजे कॅशबुक. उघडलं आणि बघतच राहिले. एका बाजूला जमा, एका बाजूला खर्च. आमच्या गटाचीच वही, फक्त मोठी! इतके महिने मी या वहीला भीत होते, आणि मला ती भीती घालायला कुणी आलं नव्हतं. ‘मला काय कळतंय’ हे मीच रोज स्वतःला सांगत होते; ऐकणाऱ्यांना ते सोयीचं होतं, म्हणून कुणी खोडून काढलं नाही.

मग रोज सकाळी तासभर तिथं बसायला लागले. नमुना ८ वर घरपट्टीची आकारणी, नमुना ९ वर मागणी आणि वसुली. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो, हेही तेव्हाच समजलं. आडलं तिथं विचारलं. पहिले काही दिवस भाऊसाहेबांना माझी अडचण झाली, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. पुढं तेच एकेक पान उलटून समजावून द्यायला लागले.

पावसाळ्यात आरोग्य विभागाच्या तपासणीत गावाला पिवळं कार्ड आलं, म्हणजे पाण्याच्या स्रोताला मध्यम जोखीम. जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्यात पावडर टाकणारा माणूस, म्हणाला, पावडर रोज टाकतोय. मी त्याला माझ्यासमोर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी, करायला लावली. नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब सोडले. पाणी पिवळं व्हायला हवं होतं. झालं नाही, होतं तसंच बिनरंगाचं राहिलं. सरळ मनात आलं, पैसे खाल्ले. पण आधी हिशोब मांडला. हजार लिटरला ५ ग्रॅम, टाकी ५० हजार लिटरची, म्हणजे दिवसाला २५० ग्रॅम, महिन्याला साडेसात किलो. वर्षाला नव्वदएक. वहीत २५ किलोच्या चार गोण्यांची खरेदी. बरोबर जुळत होतं. मग पंपहाउसात गेले. गोणी तोंड उघडी टाकून ओल्या भिंतीला टेकवलेली, पावडरीचे गोळे झालेले. ओलीनं क्लोरीन उडून गेलं होतं! वहीवर विश्वास ठेवून कुणावर बोट उचललं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा असते, ती आजवर कागदावरच व्हायची. यावेळी मी घरोघर जाऊन बायकांना बोलावलं. माझ्या सासूबाई सगळ्यांत पुढे बसल्या. पाणी कुठल्या आळीला किती वाजता येतं, कुठला व्हॉल्व्ह गळतो, गढूळ कधी येतं, हे बायकांइतकं कुणाला ठाऊक असणार? दोन तास मी लिहून घेत होते.

मोठ्या सभेत टीसीएलचा प्रश्न परत आला. मी उभी राहिले. पाय कापत होते. ग्रॅमपासून गोणीपर्यंत सगळं सांगितलं, पावडर कशामुळे वाया गेली तेही सांगितलं, आणि झाकणाचा पिंप व व्हॉल्व्ह दुरुस्तीचा ठराव मांडला. एक जण म्हणाले, ‘हे साहेबांना विचारून घ्या की.’ साहेब म्हणजे आमचे हे. मी म्हटलं, ‘दादा, तुम्ही मला विचारा. सही माझी आहे.’ हे मागं खांबाला टेकून उभे होते. काही बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, ‘आकडे पाठ होते तुझे.’

आता मुदत संपत आली. ग्रामसभेच्या आदल्या रात्री अजूनही मला झोप लागत नाही. उठते, दिवा लावते, उद्या लागतील ते आकडे एका कागदावर उतरवते, चार घड्या करून पर्समध्ये ठेवते. मग डोळा लागतो.