दोन थेंबांमधली पाच मिनिटं

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत झालं. भूलसुद्धा थेंबांचीच. दुपारी घरी येऊन भात खाल्ला.

दिवाळी अंक मी दरवर्षी फराळाची धांदल संपल्यावर, मार्गशीर्षातल्या थंडीत वाचते. १९०९ पासून मराठीत चालत आलेली ही चैन मला फार प्यारी आहे. यंदाही चार अंक उशाशी ठेवले होते. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तर समोरच्या गच्चीवरचे कपड्यांचे चिमटे मोजता येत होते आणि हातातली ओळ मात्र पुसट! बसवलेली लेन्स लांबचं दिसावं म्हणून होती. वाचायला चष्मा लागणारच आणि त्याचा नंबर डोळा स्थिरावल्यावर, महिनाभराने काढायचा. वाचल्याने अपाय नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण जुन्या चष्म्यातून दोन परिच्छेदांतच डोकं दुखायचं. मला रडूच आलं.

दिवसातून सहा वेळा थेंब. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं सोडायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. पहिला थेंब घालून हे घड्याळाकडे बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तेवढ्यात वाचून दाखवू का?"

हे नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. पेपरापलीकडे वाचन नाही. कथा त्यांनी सुरू केली ती नोटीस वाचावी तशी, संवादसुद्धा एकाच सुरात. पण हा माणूस एक अक्षर गाळत नाही. मिटल्या डोळ्यांनी ऐकताना जाणवलं की मी एरवी वर्णनं भराभर ओलांडून पुढे जाते. इथे विहिरीच्या रहाटाचा आवाज, ओल्या दोराचा वास, सगळं जागच्या जागी थांबून ऐकावं लागलं. आठवड्याभरात दुसरा थेंब उशिरा पडायला लागला. गोष्ट अर्धी टाकून बाटली कोण शोधणार? एकदा तर दुपारी झोपेतून उठले, तर हे आमची रात्रीची पानं आधीच वाचत होते.

अंक संपले तेव्हा हे बस पकडून टिळक पथावर, आमच्या सावानात गेले. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, माझं कार्ड तीस वर्षांचं, पण यांची ती पहिलीच खेप. दोन कथासंग्रह स्वतः निवडून आणले.

त्यातला एक खूप जुना. एकेक डोळा झाकून त्याचं पान पाहिलं. डाव्याला चहा सांडल्यासारखं, उजव्याला दुधासारखं. पिकलेलं भिंग निळा प्रकाश अडवतं म्हणे. किती वर्षं मी सगळी पुस्तकं त्या पिवळ्या उजेडात वाचली!

चष्मा आला, थेंब संपले. डाव्या डोळ्याची तारीख माघातली. त्या वेळी लांबलचक कादंबरी आणायची, असं यांनी आत्ताच ठरवलंय.