गुडघ्यांना मानवेल असा ट्रेक

"चढ किती आहे?" हा आईचा पहिला प्रश्न. उभा जन्म पुण्यात काढलेली आणि दर रविवारी सिंहगड गाठलेली बाई दुसरं काय विचारणार?

"दोन-तीन फूट," मी म्हटलं.

"हजार?"

"नाही गं. नुसते फूट."

आई थंडीपुरती आमच्याकडे टँपाला आली आहे. तिचा उजवा गुडघा हल्ली कुरकुरतो. चढायला काही नाही, उतरताना जीव जातो, असं ती म्हणते आणि तरीही घरात बसवत नाही. फ्लोरिडात चढ आणायचा तरी कुठून? या राज्याचं कळसूबाई ३४५ फुटांचं, तेही पार वरती, अलाबामाच्या सीमेजवळ. म्हणून येत्या शनिवारी नेपल्सजवळच्या कॉर्कस्क्रूच्या दलदलीत जायचं ठरवलंय. सव्वादोन मैलांची फळ्यांची वाट, मध्ये बसायला बाक, कंटाळा आला तर अर्ध्यातून परत फिरायला जवळची वाटही आहे.

आपल्याकडे ट्रेक ठरवायचा म्हणजे पायथ्याचं गाव कोणतं, पहिली एसटी किती वाजता, वर टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का, असे प्रश्न. इथे यातलं एकही लागू पडत नाही. इथे ठरवायचा तो महिना. तो चुकला की सगळं चुकलं. हे मी आमच्या पहिल्याच वर्षी जुलैत जाऊन शिकलो. पावसाळा इथेही साधारण आपल्याच महिन्यांत, पण रोज दुपारी हजेरी लावणारा. दहा वाजता आम्ही डासांना जेवू घालत होतो, दोन वाजता डोक्यावर विजा कडाडत होत्या, आणि पक्षी म्हणाल तर एक कावळा. नोव्हेंबर ते एप्रिल पाणी उतरत जातं, डास बेताचे असतात, हवा पुण्याच्या डिसेंबरसारखी असते.

पण त्या फसलेल्या फेरीत एक गोष्ट लक्षात राहिली. वाट सुरू होते तिथे पाइनचं जंगल आणि खाली करवती देठांची बुटकी पामची झुडपं. थोडं चाललं की झाडं संपतात, ओलं गवताळ रान लागतं. मग पाण्यात उभे बारके सायप्रस, आणि त्याहून आत गेलं की एकदम काळोखं पाणी, त्यात मंदिराच्या खांबांसारखे जुने सायप्रस. काहींची वयं पाचशेच्या वर. जमीन वीतभर उतरली की पाणी जरा जास्त दिवस टिकतं, आणि तेवढ्यावर जंगल बदलतं. सह्याद्रीत असा फरक दिसायला घाट उतरून कोकणात जावं लागतं. इथे उतरल्याचं पायाला कळतही नाही.

हे सायप्रस सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पानं गाळतात. लाकूड सहजी कुजत नाही म्हणून आजूबाजूचे जवळजवळ सगळे तोडले गेले. हा तुकडा १९५४ साली ऑड्युबन या पक्षी जपणाऱ्या संस्थेने आणि लोकांनी मिळून वाचवला. त्याआधी १९१२ पासून संस्थेचे राखणदार इथे असत, ते झाडांसाठी नव्हे, बगळ्यांसाठी. बायकांच्या हॅटवर खोवायला बगळ्यांची पिसं लागत, आणि ती सोन्याच्या भावाने विकली जात.

आईला मात्र मी भुलवलं ते करकोच्यांवर. ती बाबांबरोबर भिगवणला चित्रबलाक बघायला जायची. इथला वूड स्टॉर्क त्याच कुळातला. रंगाने साधा, आणि डोकं टकलं, काळपट, सुरकुतलेलं. तो मासा डोळ्यांनी शोधत नाही. चोच अर्धी उघडी ठेवून गढूळ पाण्यात बुडवतो, आणि मासा लागला की सेकंदाच्या चाळिसाव्या भागात मिटतो. त्यासाठी पाणी आटून मासे डबक्यांत दाटीवाटीने गोळा व्हावे लागतात. म्हणून याची पिल्लं कोरड्या दिवसांतली. पाणी फार लवकर आटलं तरी पंचाईत, मध्येच पाऊस आला तरी पंचाईत. एके काळी त्यांची या देशातली सगळ्यात मोठी वसाहत इथे होती. आता दिसले तर नशीब. आईला मी "दिसतील" एवढंच सांगितलंय.

तयारी चालू आहे. पाणी माणशी दोन बाटल्या, टोपी, दुर्बीण. मी सँडविच म्हटलं होतं, आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जाहीर केली. ॲलिगेटर वाटेखाली पहुडलेला असतो, त्याला काही खायला टाकायचं नाही, हेही बजावून झालं. "दशमी कोण टाकणार त्याला?" ती म्हणाली.

मग मी जुने फोटो दाखवले. सायप्रसच्या बुंध्याभोवती पाण्यातून मुळांचे कोंब वर आलेले असतात, गोल डोक्यांचे, गुळगुळीत, काही माणसाच्या कमरेएवढे. त्यांना इथे 'गुडघे'च म्हणतात. ते कशासाठी येतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आईने फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला, दुसऱ्या हाताने स्वतःचा गुडघा चोळत.

रात्री स्वयंपाकघरात तिची पिशवी दिसली. दशम्यांचा डबा, गूळ, आयोडेक्स आणि पुण्याहून आणलेली घडीची काठी.

"आई, दोन-तीन फुटांचा चढ आहे गं."

"चढाचं नाही रे. उतरायचं पण असेल ना तेवढंच?"