भट्टी रात्रभर चालू ठेवायची परवानगी: माझा अनुभव

पीएचडीसाठी मी स्ट्रॉन्शियम टायटॅनेटचे स्फटिक वितळलेल्या स्ट्रॉन्शियम क्लोराइडमध्ये वाढवते. सहउत्प्रेरक (अभिक्रियेला मदत करणारे बारीक कण) लावलेल्या या ऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो. 2020 मध्ये जपानमधल्या गटाने 350 ते 360 नॅनोमीटर तरंगलांबीला 96 टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता (पडलेल्या प्रकाशकणांपैकी किती कामी आले ते प्रमाण) दाखवली, ती याच पद्धतीच्या पावडरवर. कृती सोपी आहे. टायटॅनेटची पावडर आणि मोलच्या हिशोबाने दहापट क्षार (तेच स्ट्रॉन्शियम क्लोराइड) खलात घोटा, ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) क्रुसिबलमध्ये, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या वाटीत, भरा, 1150 अंशांना 10 तास ठेवा.

अडतं ते इथेच. मिनिटाला 5 अंशांनी तापवलं तर वर पोचायलाच पावणेचार तास लागतात. सकाळी 10 ला सुरू केलेली भट्टी रात्री पावणेबाराला थंड करायला घ्यायची. क्षार 874 अंशांना गोठतो; तिथपर्यंत मिनिटाला एक अंशाने उतरवायचं तर पहाटेचे साडेचार होतात. आणि आमच्याकडे संध्याकाळी सहा वाजता भट्टीची खोली बंद!

रात्रीच्या परवानगीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. एचओडींची (विभागप्रमुखांची) सही हवी तर आधी सुरक्षा विभागाची आणा, सुरक्षा विभाग म्हणणार आधी एचओडींची. ‘क्लोराइड’ शब्द वाचून एका साहेबांनी विषारी वायूची शंका काढली आणि अर्ज परत आला. गाइड मॅडमनी फोन केले, तरी फाइल हलेना. मला आजही याचा राग आहे, कारण त्या काळात विज्ञानाचं एकही काम अडलेलं नव्हतं, अडली होती फक्त सही.

मार्ग दाखवला प्रयोगशाळेतल्या मामांनी. “ताई, आधी इलेक्ट्रिशियनची सही घ्या, मग बाकीचे नाही म्हणत नाहीत.” इलेक्ट्रिशियनने अर्थिंग आणि तापमान वाढलं तर भट्टी आपोआप बंद करणारा कटऑफ तपासून लेखी दिलं. सोबत तासांचा तक्ता, क्षाराचं सुरक्षा पत्रक आणि रात्री थांबणाऱ्या दोघांची नावं जोडली. फाइल त्याच आठवड्यात सुटली.

लाइट गेली तर कंट्रोलर काय करतो, हे आधीच बघून ठेवा. काही तिथूनच पुढे चालतात, काही बंदच राहतात.

शेवटी स्फटिकांवरचा क्षार धुताना बोअरचं पाणी वापरू नका. त्यातच क्लोराइड असतं, मग क्लोराइड उरलंय का ते बघायला धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की ते दरवेळी दुधाळ होणार. डिस्टिल्ड पाणी उन्हाळ्याआधीच साठवा. आमच्याकडे नळ एकाआड एक दिवस येतो आणि डिस्टिलेशनच्या कंडेन्सरला वाहतं पाणी लागतं. क्रुसिबल ॲल्युमिनाचंच घ्या, त्यातलं थोडं ॲल्युमिनियम स्फटिकात उतरतं आणि ते फायद्याचं असतं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धारदार कडांचे घन दिसले तेव्हा मी मॅडमना तिथूनच फोन लावला. परवानगी मात्र एका सत्रापुरतीच असते, म्हणून पुढचा अर्ज देऊन ठेवलाय. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.