लाल आकडा दिसला म्हणून लगेच क्लिप हलवू नका

प्रीमियर प्रो किंवा दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या कोपऱ्यात लाल आकडा उमटला की सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, गेलं असं समजून लोक राइट क्लिक करतात आणि क्लिप जागेवर सरकवतात. आकडा जातो, मन शांत होतं. पण बऱ्याचदा नीट जुळलेला आवाज नेमका त्याच क्लिकने बिघडतो.

हा आकडा येतो कुठून? सॉफ्टवेअर आवाज ऐकत नाही आणि बोलणाऱ्याचे ओठही बघत नाही. एकाच फाइलमधून आलेलं चित्र आणि आवाज मूळ फाइलमध्ये जसे समोरासमोर होते, तसेच टाइमलाइनवर (क्लिप मांडायच्या पट्टीवर) आहेत का, एवढंच ते मोजतं. दोन फ्रेमचा (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र) फरक असेल तर दोन फ्रेमचा आकडा. फाइलमध्ये सगळं बरोबरच होतं हे यात गृहीत धरलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

समजा कॅमेरा स्टेजपासून २८ मीटर लांब आहे आणि आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतलाय. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तो माइकपर्यंत ८२ मिलिसेकंद उशिरा पोचला. २५ एफपीएसला, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असताना, एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे आवाज मूळ फाइलमध्येच दोन फ्रेम मागे आहे. तुम्ही तो दोन फ्रेम आधी, म्हणजे डावीकडे ओढून ओठांशी जुळवला की लाल आकडा येणारच. तो आकडा तुमच्या दुरुस्तीची नोंद आहे. अशा क्लिपवर राइट क्लिक करून 'मूव्ह इनटू सिंक' दाबलं की दुरुस्ती पुसली जाते.

आकडा डोळ्यांना खुपत असेल तर प्रीमियरमध्ये चित्र आणि आवाजाची जोडी अनलिंक करा आणि प्रेफरन्सेसच्या टाइमलाइन भागात अनलिंक केलेल्या क्लिपसाठी आउट ऑफ सिंक खुणा दाखवण्याचा पर्याय बंद करा. मग दोन्ही क्लिप ग्रुप करा, म्हणजे पुढे हलवताना त्या सोबतच राहतात.

आकडा खरंच चुकीमुळे आलाय का, हे ओळखायला एक खूण उपयोगी पडते. एकाच ठिकाणापासून पुढे सगळ्या क्लिपवर सारखाच आकडा असेल, समजा सगळीकडे ३७ फ्रेम, तर काहीतरी एकदाच बिघडलंय. बहुधा ३७ फ्रेमचा तुकडा इन्सर्ट करताना एखादा ऑडिओ ट्रॅक लॉक होता किंवा त्याचं सिंक लॉक (इन्सर्ट केल्यावर ट्रॅकलाही सोबत सरकवणारी सोय) बंद होतं. चित्र पुढे ढकललं गेलं, आवाज जागीच राहिला. अशा वेळी एकेक क्लिप दुरुस्त करत बसू नका. आकडा असलेली सगळ्यात पहिली क्लिप शोधा, तिच्या आधी काय घातलंय ते बघा, आणि तिथून पुढचा जागीच राहिलेला सगळा आवाज एकदम निवडून ३७ फ्रेम उजवीकडे सरकवा. उलट, प्रत्येक क्लिपवर वेगळा आकडा असेल तर त्या बहुतेक कुणीतरी कानाने जुळवलेल्या असतात. दुसऱ्याने केलेला प्रोजेक्ट हातात आला असेल तर विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

दुरुस्ती करायचीच असेल तर 'मूव्ह' आणि 'स्लिप' यांतला फरक लक्षात ठेवा. मूव्ह क्लिपच सरकवतं, त्यामुळे शेजारची क्लिप झाकली जाऊ शकते. स्लिप क्लिपची जागा आणि लांबी तशीच ठेवून आतलं रेकॉर्डिंग सरकवतं. कट आधीच बसवून झाले असतील तर स्लिपच वापरा, पण क्लिपच्या दोन्ही टोकांना पुरेसं जादा रेकॉर्डिंग आहे का ते आधी बघा.

याहून जास्त फसवते ती न येणारी सूचना. लाल काही नाही, तरी ओठ आणि आवाज वेगळे. इथे टाळीची चाचणी हवी. शूटिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवलेली असेल तर तळवे टेकतात ती फ्रेम आणि वेव्हफॉर्मचं (आवाजाच्या आलेखाचं) उंच टोक यांतलं अंतर दोन्हीकडे मोजा. टाळी नसेल तर 'प', 'ब' किंवा 'म' असलेला शब्द शोधा. या अक्षरांना ओठ पूर्ण मिटतात आणि ती फ्रेम अचूक सापडते. दोन्हीकडे अंतर सारखं असेल तर सरळ सरकवून काम भागतं. अंतर वाढत गेलं असेल तर दोष वेगाचा आहे आणि कितीही सरकवलं तरी एक टोक सुटलेलंच राहणार.

किती वाढलं यावरून कारण कळतं. २० मिनिटांच्या क्लिपच्या शेवटी फरक १.२ सेकंद आला, तर तो ०.१ टक्का आहे: २३.९७६ एफपीएसचं फुटेज कुठेतरी २४ धरलं गेलंय किंवा २९.९७ चं ३०. आवाज ताणण्याआधी चित्राचा फ्रेम रेट योग्य आहे का ते बघा. तासाभरात एक-दोन फ्रेमचाच फरक असेल तर कॅमेरा आणि वेगळा रेकॉर्डर यांची घड्याळं किंचित वेगळी चालली आहेत. त्यावर बोलण्यातल्या विरामावर आवाज कापून पुन्हा जुळवणं हा सगळ्यात स्वच्छ उपाय.

अंतर कधी वाढतं, कधी कमी होतं, असं असेल तर संशय मोबाइलच्या फुटेजवर घ्या. फोन फ्रेम रेट बदलता ठेवतो आणि कमी प्रकाशात तो खाली येऊ शकतो. फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडा. फ्रेम रेट मोडपुढे 'व्हेरिएबल' दिसलं की एडिटिंग तिथेच थांबवा. व्हिडिओ फाइल रूपांतरित करणाऱ्या हँडब्रेकच्या व्हिडिओ टॅबमध्ये ठरावीक फ्रेम रेट निवडून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'वर खूण करा, ऑडिओचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि नवीन फाइल आणून तिच्यावरच काम करा. अर्ध्या टाइमलाइननंतर फाइल बदलायला गेलात तर सगळे कट तपासावे लागतात.

कशालाही हात लावण्याआधी ब्लूटूथ हेडफोन मात्र काढा. बऱ्याच जोड्यांमध्ये आवाज १०० ते ३०० मिलिसेकंद उशिरा येतो. त्या कानांनी जुळवलेलं सिंक वायर लावली की चुकीचं ठरतं. शंका असेल तर ३० सेकंदांचा तुकडा एक्स्पोर्ट करून वायरच्या हेडफोनवर वेगळ्या प्लेअरमध्ये बघा.

आणि किती फरक चालतो? युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या आर३७ शिफारशीत आवाज चित्राच्या फार तर ४० मिलिसेकंद पुढे (आधी) किंवा ६० मिलिसेकंद मागे (उशिरा) असावा असं म्हटलंय. २५ एफपीएसला हे पुढे एक फ्रेम आणि मागे दीड फ्रेम होतं. पुढची मर्यादा कडक आहे, कारण लांबचा आवाज उशिरा पोचतो याची कानांना सवय असते, पण ओठ हलण्याआधी शब्द आला की लगेच खटकतं. म्हणून एका फ्रेमवर अडलात आणि ठरत नसेल, तर आवाज मागे ठेवा.