दोन आडनावांची सायटेशन्स एका नावावर

मे महिना, सोलापूरचं ऊन, आणि टेबलावर कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेची, फाइल. कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे, आयक्यूएसीचे, सर कागद चाळता चाळता म्हणाले, "मॅडम, एच-इंडेक्स २च दिसतोय. पीएचडीच्या वेळचे पेपर कुठे गेले?"

ते माहेरच्या आडनावावर होते. पीएचडी लग्नाआधीची, त्यामुळे चार पेपरवर वडिलांचं आद्याक्षर आणि जुनं आडनाव. सोलापुरात आल्यानंतरचे तीन सासरच्या नावाने. संशोधनपर लेख शोधण्याच्या गूगल स्कॉलरवर त्या दोन वेगळ्या व्यक्ती होत्या. दहा वर्षांचं काम असं मधोमध तुटलेलं पाहून मला फार वाईट वाटलं.

रात्री वही काढली. माहेरच्या नावावर सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या पेपरांत आलेले त्या-त्या पेपरचे उल्लेख, ९, ५, ३, १. सासरच्या नावावर ६, ४, २. किमान ४ पेपर प्रत्येकी किमान ४ वेळा उद्धृत झाले, आणि ५ पेपर ५ वेळा झाले नाहीत, तर एच-इंडेक्स ४. हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेलं हे माप. कॉम्बिनेटोरिक्सवाल्याला, म्हणजे मोजणी-मांडणीचं गणित करणाऱ्याला, त्यात ओळखीची आकृती दिसते. आकडे उतरत्या क्रमाने लावायचे, प्रत्येकासाठी तेवढ्या ठिपक्यांची ओळ काढायची. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात मावणारा सर्वांत मोठा चौरस म्हणजे डर्फी चौरस, आणि त्याची बाजू हाच एच-इंडेक्स. माहेरचा चौरस ३चा, सासरचा २चा. सगळे एकत्र लावले, ९, ६, ५, ४, ३, २, १, की चौरस ४चा. ३ आणि २ मिळून इथे ५ होत नाहीत, हे ऑफिसात सांगताना वहीच पुढे केली.

आधी ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढलं. १६ अंकी क्रमांक, फुकट, आणि त्यात आधीची नावंही नोंदवता येतात. मग स्कॉलरच्या प्रोफाइलवर जुन्या नावाने शोधून एकेक पेपर जोडला. एक पेपर दोनदा आला होता, आद्याक्षरानंतरच्या टिंबामुळे. दोन्ही नोंदी निवडून मर्ज केल्या. स्कोपस या सायटेशन्सच्या डेटाबेसला दोन्ही प्रोफाइल एक करण्याची विनंती पाठवली, त्यात पंधरा-वीस दिवस गेले. ऑफिसने राजपत्रातली नावबदलाची प्रत मागितली. ती लग्नाच्या कागदांत सापडली म्हणून बरं, नाहीतर जून तिथेच गेला असता.

या निमित्ताने पहिल्या पेपरची नऊही सायटेशन्स उघडून वाचली. तो पेपर ग्रेसफुल लेबलिंगवरचा, म्हणजे बिंदूंना असे आकडे देण्यावरचा की जोडलेल्या बिंदूंमधले फरक सगळे वेगळे येतील. चार बिंदू एका ओळीत जोडा, त्यांना ०, ३, १, २ असे आकडे द्या; शेजाऱ्यांमधले फरक ३, २, १, एकही पुन्हा येत नाही. प्रत्येक ट्रीला, म्हणजे कुठेही बंद फेरा नसलेल्या जोडलेल्या बिंदूंच्या आकृतीला, असं लेबलिंग देता येतं का, हा रोझा यांच्या १९६७च्या पेपरपासूनचा प्रश्न आजही सुटलेला नाही. आठ ठिकाणी आमचं नाव प्रस्तावनेत, इतर दहा नावांच्या रांगेत. नवव्या पेपरने मात्र आमचं लेमा, म्हणजे मोठ्या सिद्धतेतलं छोटं सहायक प्रमेय, उचलून ट्रीच्या एका नव्या प्रकारासाठी पुढे नेलं होतं. ती सिद्धता मी दोनदा वाचली. फॉर्ममध्ये या नऊंना एकच रकाना आहे, आणि ते मला मान्य नाही. सायटेशन्सची आकडेवारी ठेवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीनेही २०२३ मध्ये सर्वाधिक उद्धृत संशोधकांच्या यादीतून गणित वगळलं. क्षेत्र लहान, थोड्याशा सायटेशन्सनीही चित्र पालटतं.

जूनअखेर फाइल जमा केली. सोबत ठिपक्यांच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली, आणि नवव्या पेपरचं पहिलं पानही.