नवरा कतारमध्ये, बायको पोखऱ्यात

मंगळवार, काठमांडू

जोडप्यांचं शिबिर घ्यायला नेपाळला निघालोय असं सांगितलं की आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीत पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडे चालतं का हे?" चालतं. २०१५च्या राज्यघटनेनं आपापला धर्म पाळायची मोकळीक दिली आहे. बंदी आहे ती दुसऱ्याला धर्म बदलायला लावण्यावर. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि माणूस परदेशी असला तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर. भारतीयांना इथं यायला व्हिसा लागत नाही, म्हणून आपण परदेशी आहोत हे चटकन विसरायला होतं. तेव्हा आमचं जाणं तिथल्या ख्रिस्ती मंडळीच्या बोलावण्यावरून, मंडळीतल्याच जोडप्यांसाठी आणि मंडळीच्याच आवारात. मला स्वतःला ही चौकट पसंत आहे. ज्यांची लग्नं प्रभूपुढे लागली त्यांना पुढं कितीतरी वर्षं कुणी विचारतच नाही, "बरं चाललंय ना तुमचं?" ते विचारायलाच आम्ही आलोय.

विमानतळावरून बाहेर पडताना निर्गमनाच्या दारापाशी तरुण पोरांची रांग दिसली. कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ. कतार, सौदी, दुबई, मलेशिया. एका मुलीच्या हातातल्या लाल बांगड्या अगदी नव्या होत्या. ती नवऱ्याच्या प्लास्टिकच्या पाकिटातले कागद काढून पुन्हा पुन्हा बघत होती: पासपोर्ट, तिकीट, श्रम स्वीकृतीचा म्हणजे परदेशी कामाला जायच्या सरकारी परवानगीचा कागद. तो मात्र सगळा वेळ आईशीच बोलत होता. आई जवळ उभी असताना बायकोशी काय बोलणार? त्याच्या जाण्यानंच घर चालणार आहे, हेही खरं. परदेशातून येणारा पैसा या देशाच्या सकल उत्पन्नाच्या जवळपास चौथा हिस्सा आहे. म्हणजे देशाचं गाडं अशा ताटातुटीवर चाललंय. रात्री प्रार्थनेत त्या मुलीचं नाव घ्यावंसं वाटलं, पण नाव कुठं माहीत होतं.

गुरुवार, पोखरा

काठमांडूहून पोखरा दोनशे किलोमीटर, पण रस्त्याचं काम चालू असल्यानं अख्खा दिवस गेला. आधी त्रिशूली नदी सोबत होती, मुगलिनच्या पुढं मर्स्याङ्दी. हे खिडकीशी बसून उद्याच्या बोलण्याची टिपणं काढत होते, मी डुलक्या घेत होते.

इथली ख्रिस्ती मंडळी लहान आहे. २०२१च्या जनगणनेत सगळ्या देशात मिळून पावणेदोन टक्के. पण पोखऱ्यात तिची मुळं खोल आहेत. १९५२मध्ये इथं मिशनचा दवाखाना सुरू झाला. त्याच्या ॲल्युमिनियमच्या खोल्या उन्हात लांबून चमकायच्या, म्हणून लोक त्याला चमकणारा दवाखाना म्हणायचे. रामघाटची मंडळी त्याच काळातली, देशातल्या अगदी पहिल्या मंडळ्यांपैकी एक.

चहा होईपर्यंत पाळकीणबाईंनी, म्हणजे मंडळीच्या पाळकसाहेबांच्या (धर्मगुरूंच्या) पत्नीनं, यादी पुढं ठेवली. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, मला दिदी म्हणतात. यादीत दोन रकाने, बायकोचं नाव आणि नवऱ्याचं. निम्म्याहून जास्त ठिकाणी नवऱ्याच्या नावापुढं कंसात देश लिहिलेला. काही वडीलधाऱ्यांचं म्हणणं असं की शिबिर जोडप्यांचं आहे, एकट्या बायकांना बोलावलं तर त्यांना उगाच वाईट वाटेल. त्यांच्यासाठी महिला मंडळ आहेच. पाळकीणबाई म्हणाल्या, "यांची लग्नं झालेली आहेत की नाही? मग त्या एकट्या कशा?"

मी त्यांच्याच बाजूनं बोलले आणि जोर लावून बोलले. आपल्याकडे जोडप्यांसाठी जे काही होतं ते एका छपराखाली राहणाऱ्यांसाठी. भांडण कसं मिटवावं, रागावर सूर्य मावळू देऊ नये, एकमेकांना वेळ द्यावा, सगळं बरोबरच आहे. पण ज्याच्याशी भांडायचं तो तीन देश पलीकडं आहे, तिनं काय करायचं? तिला महिला मंडळात बसवलं की नकळत आपण तिला विधवांच्या ओळीत नेऊन बसवतो. तिची जागा जोडप्यांत आहे.

पुरुष घराबाहेर असणं इथं नवीन नाही. १८१५पासून या डोंगरांतल्या गुरुंग-मगर घरांतले तरुण गुरखा पलटणींत जात आले. आपल्या कोकणातल्या किती पिढ्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर वाढल्या, आणि त्या मनीऑर्डरीची वाट बघणाऱ्या बायकांसाठी कुठल्या देवळात नाही की चर्चमध्ये नाही, कुणी वेगळी चटई अंथरली.

शुक्रवार

शिबिर शुक्रवारी सुरू करायचा हट्ट पाळकीणबाईंचाच. कारण आज कळलं. कतारमध्ये शुक्रवारी सुट्टी असते, म्हणजे तिकडचे नवरे आज फोनवर सापडतात. वेळेत पावणेतीन तासांचा फरक, म्हणून आम्ही लिहिण्याचा भाग दुपारी ठेवला. मलेशियातल्यांना रविवार धरायचा, असं ठरलं.

लिहिण्याची पद्धत आमची नव्हे. स्पेनमधले फादर गॅब्रिएल काल्वो यांनी १९६२मध्ये बार्सिलोनात काही जोडप्यांबरोबर जे सुरू केलं, त्यातून ती जगभर गेली. आधी शिबिर घेणारं जोडपं स्वतःचं काहीतरी मोकळेपणानं सांगतं. मग सगळ्यांना एकच प्रश्न देतात. नवरा-बायको वेगवेगळे बसून वहीत उत्तर लिहितात, वह्या बदलतात, वाचतात आणि फक्त एकमेकांशी बोलतात. चारचौघांत काही सांगायचं नाही. आम्ही कॅथलिक नाही, पण ही पद्धत आम्ही मनापासून घेतली आहे, कारण आपल्या लोकांना चारचौघांत घरचं बोलायला लावलं की ते देवाविषयी बोलतात आणि घरचं तसंच राहतं.

आमचं म्हणून आम्ही काय सांगितलं? ह्यांची बदली विदर्भात झाली आणि मी दोन मुलं घेऊन नगरला राहिले, त्या वर्षांचं. मी हिंदीत बोलले, पाळकसाहेबांनी नेपाळीत सांगितलं. वेगळं राहणं जड गेलं, पण त्याहून जड गेलं ते ह्यांचं कायमचं परत येणं, हे मी मुद्दाम सांगितलं. घर माझ्या हातावर चालायची सवय झाली होती. सिलिंडर कधी सांगायचा, मुलाला कुठल्या शिकवणीला घालायचं, हे ठरवताना विचारायचं असतं हे मला नव्यानं शिकावं लागलं, आणि ह्यांना स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटत राहिलं. हे सांगताना मागच्या ओळीतला एक माणूस सारखी मान हलवत होता. सहा महिन्यांपूर्वी मलेशियाहून परत आलेला, असं नंतर कळलं. जेवताना तो ह्यांच्या शेजारी येऊन बसला आणि विचारलं, "दाइ, किती दिवसांनी घर आपलं वाटायला लागलं?" हे म्हणाले, वर्ष गेलं. त्याला फार बरं वाटलेलं दिसलं. बायकोनं ताटात आणखी गुंद्रुक (आंबवून वाळवलेल्या पाल्याची भाजी) वाढलं तेव्हा तो तिच्याकडं बघून हसला.

आजचा प्रश्न होता: आपण लांब असताना मला सगळ्यात जड काय गेलं? काही बायकांना लिहिणं जमत नाही, त्यांनी फोनवर आवाज भरून पाठवला. एकीला मी मदत करत होते, म्हणून तिच्याजवळ बसणं झालं. तिनं फोन पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला टेकवून उभा केला. पडद्यावर आधी दुमजली पलंगांची खोली दिसली, पलंगांवर वाळत घातलेले कपडे, मागं कुणाचं तरी हसणं. मग तो उठून जिन्यात गेला आणि पायरीवर बसला. एका खोलीत आठजण राहतात, बोलायला जागा तेवढीच. पहिली पाच मिनिटं म्हशीची चौकशी. मग सासऱ्यांच्या औषधाची. मी उठून लांब गेले. अर्ध्या तासानं बघते तर ती अजून बोलतच होती, फोन पेल्यावरून काढून अगदी तोंडाजवळ धरला होता. संध्याकाळी आपणहून म्हणाली, "दिदी, चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यानं, रात्री भीती वाटते का म्हणून." तिनं काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही.

शनिवार

इथं आठवड्याची उपासना शनिवारी, कारण सुट्टी शनिवारची. २०१५चा भूकंपही शनिवारीच झाला, दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना. ठिकठिकाणी मंडळ्या उपासनेत बसलेल्या होत्या आणि कितीतरी विश्वासी चर्चच्या ढिगाऱ्याखाली गेले. एक आजोबा ते सांगत होते, हातानं भिंत दाखवत. ही भिंत नंतर बांधलेली.

चपला बाहेर काढून आत सतरंजीवर बसायचं, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. आमच्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतही अजून असंच बसतात, त्यामुळे मला परकं वाटलं नाही. मादलच्या, म्हणजे इथल्या ढोलकीच्या, तालावर भजनं सुरू झाली. भजनांचं पुस्तक देवनागरीत, म्हणून आम्हीही जोरात म्हणत होतो, अर्थ निम्मा कळत होता तरी.

वचन ह्यांनी सांगितलं. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातलं: नवं लग्न झालेल्यानं लढाईला जाऊ नये, त्याच्यावर कुठलं काम लादू नये, वर्षभर घरी राहून त्यानं बायकोला सुखी करावं. मला हे वचन फार मोलाचं वाटतं. देवानं इस्राएलला सैन्याचे नियम दिले तेव्हा त्यात एका नवऱ्या मुलीचं सुख धरलं! पुढं करिंथकरांस पहिल्या पत्रातलं सातव्या अध्यायातलं: नवरा-बायकोनं एकमेकांपासून दूर राहायचं तर दोघांच्या संमतीनं, थोडा वेळ, आणि मग पुन्हा एकत्र यावं. आणि अक्विला-प्रिस्किल्ला, ज्यांना रोममधून घालवून दिलं आणि जे करिंथात तंबू शिवून पोट भरत होते. स्थलांतरितच ते, पण बरोबर होते.

मी टिळकांचं सांगितलं. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये. मधल्या काळात बरीच वर्षं दोघं वेगळी राहिली, एकत्र यावं की नाही यावरच सगळं अडलेलं. पुढं त्याच दोघांचा संसार नगरला आणि राहुरीला झाला. ताटातूट झालेलं लग्न पुन्हा उभं राहतं, हे मला आमच्याच मातीतल्या माणसांवरून सांगता आलं याचा आनंद आहे. बायका फार लक्ष देऊन ऐकत होत्या. एकीनं विचारलं, "त्या परत गेल्या, की ते आणायला आले?" असा प्रश्न जिनं दिवस काढलेत तीच विचारते. मी म्हटलं, दोघंही थोडं थोडं चालले.

उपासनेनंतर एक पोरगा आला, वय चोवीस-पंचवीस. लग्नाला सहा महिने, बायकोला दिवस गेलेले, तिकीट पुढच्या महिन्याचं. ह्यांना म्हणाला, "वचन तर जाऊ नको म्हणतं. एजंटला पैसे दिलेत, व्याजानं काढून. मी काय करू?"

हे बराच वेळ गप्प राहिले. मलाही वाटलं होतं की ह्यांनी नको जाऊ म्हणावं. पण त्याचं व्याज आम्ही भरणार नव्हतो. ह्यांनी त्याला विचारलं, कर्ज किती आहे हे बायकोला माहीत आहे का? नव्हतं. खातं कुणाच्या नावावर? वडिलांच्या. परत कधी यायचं, दोघांनी मिळून ठरवलंय का? तसं बोलणंच झालेलं नव्हतं. मग तिला बोलावलं. त्यानं आकडा सांगितला तेव्हा ती रडली नाही, चिडली. "मला का नाही सांगितलं?" पाळकीणबाईंनी दोघांना त्यांच्याच खोलीत बसवून दार लोटलं. तासाभरानं दोघं बाहेर आले. जाणं रद्द झालं नाही. बाळंतपण होईपर्यंत तारीख पुढं ढकलता येते का, ते सोमवारी एजंटकडं दोघं मिळून जाऊन विचारणार आहेत. देवा, त्या माणसाच्या मनात दया घाल.

एक पोक्त गृहस्थ इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायावर अडून बसले, स्त्रियांनी पतीच्या अधीन असावं, मग खात्यावर बायकोचं नाव कशाला. मी त्यांना एक वचन मागं जायला सांगितलं. एकविसावं. एकमेकांच्या अधीन असा. त्यांनी आपल्या नेपाळी बायबलमध्ये बोट ठेवून ते वाचलं, दोनदा. मग म्हणाले, घरी जाऊन पुन्हा वाचतो.

सोमवार

काल मलेशियावाल्यांचे फोन झाले. आज निघायचं, पण सकाळी पाळकीणबाईंबरोबर तासभर बसले आणि पुढचं पक्कं केलं. महिन्यातून एका शुक्रवारी कतार-सौदीतल्यांसाठी आणि एका रविवारी मलेशियातल्यांसाठी हेच प्रश्न, हेच फोन. मंडळीतलं कुणीही परदेशी जाणार असेल तर तिकीट काढायच्या आधी नवरा-बायको दोघांनी पाळकसाहेबांकडं बसायचं, कर्जाचा आकडा समोर ठेवून. आणि जे परत येतील त्यांच्या घरी पहिलं वर्षभर मलेशियाहून आलेला तो माणूस आणि त्याची बायको भेटीला जातील. ही कल्पना त्याचीच. हिंदीतले प्रश्न मी नगरहून दर महिन्याला पाठवायचे, नेपाळीत त्या करून घेतील. पहिले बारा मी बसमध्येच लिहायला घेतलेत.